धावपट्टीवरील निर्णय आणि वैमानिकांची व्यवसायसंस्कृती : एक ऐतिहासिक मागोवा (१९३५ ते २०२५)

बीजशब्द : नागरी विमान वाहतूक, निर्णयवेग, कप्तानाची अधिसत्ता, सहवैमानिक, अपघात चौकशी, औरंगाबाद १९९३

प्रस्तावना

विमान वाहतुकीचा इतिहास आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी लिहिला गेला आहे. एक अंग शोधाचे व पराक्रमाचे. राइट बंधूंचे १७ डिसेंबर १९०३ चे उड्डाण, १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना मिळालेला भारतातील पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर आणलेली टपाल हे त्यातील ठळक टप्पे होत. दुसरे अंग शासकीय व आर्थिक आहे. त्यात १९५३ चे राष्ट्रीयीकरण, १९९० नंतरचे खुले आकाश आणि खाजगी कंपन्यांचा उदय-अस्त हे विषय येतात. या दोन्ही मांडणींत विमान चालविणारा माणूस एक तर नायक असतो किंवा वेतनपत्रकातील एक नाव. त्याच्या व्यवसायाची रीतभात, त्यातील ज्येष्ठ-कनिष्ठ संबंध आणि त्या संबंधांचा प्रवाशांच्या जीविताशी असलेला थेट संबंध यांकडे इतिहासाचा विषय म्हणून फारसे पाहिले गेलेले नाही.

प्रस्तुत निबंधात विमान जमीन सोडण्यापूर्वीचे अर्धे-पाऊण मिनिट अभ्यासासाठी निवडले आहे. निर्णय इतक्या अल्प काळात घ्यावा लागत असल्याने त्यात विचाराला वाव थोडा आणि सवयीला जास्त असतो, हे या निवडीचे कारण होय. सवय ही संस्कृतीची देणगी असते. आणि संस्कृती हा इतिहासकाराच्या कक्षेतील विषय आहे. अभियांत्रिकीचे विवेचन आवश्यक तेवढेच केले आहे.

निर्णयवेग म्हणजे काय

प्रवासी विमान धावपट्टीवर वेग घेऊ लागले की एका विशिष्ट वेगापर्यंत ते थांबविता येते. त्या वेगानंतर थांबविण्याचा प्रयत्न केल्यास उरलेली धावपट्टी अपुरी पडते. या वेगाला वैमानिकांच्या परिभाषेत ‘व्ही-वन’ म्हणतात. मराठीत त्याला निर्णयवेग म्हणता येईल. विमानाचे वजन, धावपट्टीची लांबी, तापमान, वारा व धावपट्टीचा ओलसरपणा यांवरून तो प्रत्येक उड्डाणासाठी स्वतंत्रपणे काढला जातो. त्यापुढे नाक उचलण्याचा वेग म्हणजे ‘व्ही-आर’ आणि एक इंजिन बंद पडले तरी सुरक्षितपणे चढता येईल असा ‘व्ही-टू’ हे टप्पे येतात. निर्णयवेग ओलांडल्यावर इंजिन बंद पडले तरीही उड्डाण पुरे करावयाचे असा दंडक आहे. म्हणूनच कप्तानाचा हात त्या क्षणापर्यंत थ्रॉटलवर असतो आणि ‘व्ही-वन’ अशी हाक येताच तो मुद्दाम काढून घेतला जातो. हात काढून घेण्याची ही साधी कृती म्हणजे थांबण्याचा मोह टाळण्यासाठी व्यवसायाने घालून घेतलेले बंधन आहे.

एखाद्या जेट विमानाचा वेग या क्षणी १४० नॉट धरला तर ते दर सेकंदाला सुमारे ७२ मीटर अंतर कापते. दोन सेकंदांचा विलंब म्हणजे दीडशे मीटर धावपट्टी. या शब्दाच्या अर्थाचाही इतिहास आहे. निर्णयवेग म्हणजे ‘ज्या वेगाला निर्णयाचा विचार सुरू करावयाचा तो’ असे दीर्घकाळ अनेक वैमानिक समजत. पुढे नियामकांनी स्पष्ट केले की त्या वेगापर्यंत निर्णय होऊन पहिली कृती सुरू झालेली असली पाहिजे. १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत विमान उत्पादक, कंपन्या व शासन यांनी मिळून उड्डाण सुरक्षेची एक प्रशिक्षणसंहिता तयार केली. तीत असे आढळले की साधारणतः तीन हजार उड्डाणांत एकदा उड्डाण मध्येच थांबविले जाते. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश प्रसंग ८० नॉट वा त्याहून कमी वेगाचे असतात आणि १२० नॉटच्या पुढचे प्रसंग जेमतेम दोन टक्के भरतात. धावपट्टीबाहेर घसरण्याच्या ज्या दुर्घटना तपासल्या गेल्या, त्यांतील निम्म्याहून अधिक प्रसंगांत थांबण्याची कृती निर्णयवेग उलटून गेल्यावर झाली होती. म्हणजे नियम ठाऊक होता. हात मात्र थ्रॉटलकडे परत गेला.

चार पट्ट्यांचा कप्तान

विमानाच्या चालकाला ‘कॅप्टन’ का म्हणावे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. उत्तर दर्यावर्दी परंपरेत आहे. १९३० च्या दशकात हुआन ट्रिप यांच्या पॅन अमेरिकन कंपनीने समुद्रावर उतरणाऱ्या मोठ्या विमानांना ‘क्लिपर’ ही शिडाच्या जहाजांची संज्ञा दिली. वैमानिकांना आरमारी थाटाचा गणवेश चढविला आणि कॅप्टन, फर्स्ट ऑफिसर ही पदनामे रूढ केली. तोपर्यंत वैमानिकाची प्रतिमा चामडी कोट घातलेल्या धाडसी गड्याची होती. अशा गड्याच्या भरवशावर पैसेवाला प्रवासी महासागर ओलांडण्यास तयार होईना. गणवेशाने विश्वास दिला. परंतु गणवेशासोबत जहाजावरील शिस्तही आली, ज्यात कप्तानाचा शब्द अखेरचा असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करातून आलेल्या वैमानिकांनी कॉकपिट भरून गेली आणि ही उतरंड अधिकच घट्ट झाली.

याच काळात उलट दिशेने जाणारी एक गोष्टही घडली. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील राइट फील्ड येथे बोइंग कंपनीचे ‘मॉडेल २९९’ हे चार इंजिनांचे विमान लष्करापुढील चाचणीत वर चढताच कोसळले. चालक मेजर प्लॉयर हिल हे लष्करातील जाणते चाचणी-वैमानिक होते. जमिनीवर उभ्या विमानाचे नियंत्रक पृष्ठभाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेला खटका काढावयाचा राहून गेला होता. हिल व बोइंगचे वैमानिक लेस्ली टॉवर हे दोघेही या अपघातात मृत्युमुखी पडले. यंत्रात दोष नव्हता, माणूस अननुभवी नव्हता. मग उपाय कोणता? लष्करी वैमानिकांनी शोधलेला उपाय अगदी साधा होता. उड्डाणापूर्वी, उड्डाणात, उतरण्यापूर्वी व उतरल्यावर करावयाच्या कामांची यादी कागदावर लिहून ती वाचावयाची. हीच आजच्या चेकलिस्टची सुरुवात. पुढे हेच विमान बी-१७ या नावाने महायुद्धात उतरले आणि १२,७३१ इतक्या संख्येने बांधले गेले.

कितीही ज्येष्ठ माणसाची स्मृती दगा देऊ शकते, ही चेकलिस्टमागील कबुली होती. गणवेशाने कप्तानाला उंच केले आणि कागदाच्या चिठोऱ्याने त्याला इतरांच्या पातळीवर आणले. पुढील नव्वद वर्षांचा इतिहास या दोन प्रवृत्तींच्या ओढाताणीचा आहे. ही ओढाताण कागद नेहमीच जिंकतो असेही नाही. १६ ऑगस्ट १९८७ रोजी डेट्रॉइट येथे नॉर्थवेस्ट कंपनीचे विमान पंखांचे फ्लॅप न उघडताच धावले. चेकलिस्टमधील तो भाग वाचला गेला नव्हता आणि धोक्याचा भोंगाही वाजला नाही. विमानातील एक चार वर्षांची मुलगी तेवढी वाचली. २० ऑगस्ट २००८ रोजी माद्रिद येथे त्याच जातीच्या विमानाच्या बाबतीत जवळजवळ तेच घडले आणि १५४ जण दगावले.

म्युनिक १९५८ : अकरा वर्षांनी बदललेला निवाडा

६ फेब्रुवारी १९५८ रोजी ब्रिटिश युरोपियन एअरवेजचे विमान मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघाला घेऊन म्युनिकहून निघाले. एका इंजिनाचा दाब अनियमित वाटल्याने दोन प्रयत्न मध्येच सोडावे लागले. तिसऱ्या प्रयत्नात वेग ११७ नॉट या निर्णयवेगापर्यंत पोहोचला आणि वाढण्याऐवजी घसरला. प्रथम ११२, मग १०५. उड्डाणासाठी ११९ नॉट हवे होते. थांबण्यासाठी धावपट्टी उरली नव्हती व उडण्यासाठी वेग. विमान कुंपण तोडून एका घरावर आदळले. ४४ जणांपैकी २३ जणांचा अंत झाला.

विमानाचे अधिकृत कप्तान जेम्स थेन त्या दिवशी उजव्या आसनावर होते; प्रत्यक्ष विमान चालवीत होते त्यांचे सहकारी कप्तान केनेथ रेमंट, जे पुढे रुग्णालयात वारले. जर्मन चौकशीने पंखांवरील बर्फ हे कारण ठरविले. पंख तपासणे हे कप्तानाचे कर्तव्य, म्हणून दोषी थेन. कंपनीने त्यांना कामावरून काढले. थेन यांचे म्हणणे असे की पंखांवर नव्हे, तर धावपट्टीवर साचलेल्या बर्फाळ चिखलाने चाके अडली. पुढे ब्रिटनमध्ये झालेल्या प्रयोगांत अशा चिखलाचा रोध अपेक्षेहून कितीतरी अधिक असल्याचे दिसून आले आणि १९६९ मध्ये ब्रिटिश चौकशीने थेन यांना दोषमुक्त केले. तोवर अकरा वर्षे लोटली होती. ते पुन्हा कधी प्रवासी विमानावर गेले नाहीत. कुक्कुटपालन करून ते राहिले आणि १९७५ मध्ये, साठीही न गाठता, निवर्तले.

म्युनिकचा प्रसंग दोन कारणांनी महत्त्वाचा वाटतो. निर्णयवेगाचे गणित वेग सतत वाढत जाईल या गृहीतावर उभे असते. वेग मध्येच घसरेल, ही शक्यता त्या गणितात नव्हती. म्हणजे नियम पाळूनही माणूस अडचणीत सापडू शकतो. दुसरे असे की चौकशी अहवाल हा इतिहासाचे साधन असला तरी तो स्वतःच्या काळाच्या ज्ञानाने व हितसंबंधांनी बांधलेला असतो. धावपट्टीची निगा राखणे ही विमानतळाची जबाबदारी, तर पंखांची तपासणी कप्तानाची. बर्फ कोठे होता यावर दोष कोणाचा हे ठरणार होते. १२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे एअर इंडियाचे बोइंग ७८७ विमान उड्डाणानंतर लगेच कोसळून विमानातील २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरील १९ जणांचा मृत्यू झाला. महिनाभराने आलेल्या प्राथमिक अहवालात इंधनाचे दोन्ही स्विच ‘कट-ऑफ’कडे गेल्याची नोंद होती, ते का गेले याचा निर्णय त्यात नव्हता. तरीही पुढील चार-आठ दिवसांत दूरचित्रवाणीवर व घरोघर निकाल लागून गेला. ज्यांना म्युनिकचे उदाहरण ठाऊक आहे त्यांनी तरी त्या घाईत सामील होऊ नये असे वाटते.

टेनेरिफ १९७७

२७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील लास पाल्मास विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्याने अनेक विमाने टेनेरिफ बेटावरील लोस रोदेओस या लहान विमानतळाकडे वळविण्यात आली. त्यांत डच कंपनी केएलएम व अमेरिकन कंपनी पॅन अॅम यांची एकेक बोइंग ७४७ विमाने होती. बाजूचा टॅक्सीमार्ग उभ्या विमानांनी भरल्यामुळे दोघांनाही धावपट्टीवरूनच उलट दिशेने जाऊन टोक गाठावयाचे होते. धुके उतरले होते आणि मनोऱ्यातून कोणतेच विमान दिसत नव्हते.

केएलएमचे कप्तान याकोब वेल्डहाऊझेन व्हान झान्टेन हे साधे वैमानिक नव्हते. ते कंपनीच्या ७४७ विभागाचे प्रमुख प्रशिक्षक होते. कंपनीच्या जाहिरातीत त्यांचे छायाचित्र झळकत असे. सहवैमानिक क्लास म्यूर्स यांना एकंदर अनुभव दांडगा असला तरी ७४७ वरील त्यांचे तास शंभराच्या आतच होते. आणि त्या विमानासाठी त्यांची पात्रता-परीक्षा घेणारे होते स्वतः व्हान झान्टेन! परीक्षक व परीक्षार्थी एकाच कॉकपिटमध्ये बसले होते. आपल्या महाविद्यालयीन जगातही प्रबंधाच्या मार्गदर्शकाचे चुकते आहे हे भर सभेत सांगणारा विद्यार्थी विरळाच.

टोकाला वळताच कप्तानाने थ्रॉटल पुढे सरकविले. अद्याप परवानगी मिळालेली नाही हे म्यूर्स यांनी लक्षात आणून दिले. कप्तानाने, मला ठाऊक आहे, विचार, अशा अर्थाचे उत्तर दिले. एकदा अडविल्यानंतर माणसाची दुसऱ्यांदा अडविण्याची ताकद संपते, असे पुढील प्रसंगावरून म्हणावेसे वाटते. मनोऱ्याने जी परवानगी दिली ती उड्डाणानंतर घ्यावयाच्या मार्गाची होती, धाव सुरू करण्याची नव्हे. तथापि तिच्यात ‘टेकऑफ’ हा शब्द आला होता. म्यूर्स ती परवानगी परत वाचून दाखवीत असतानाच विमान निघाले. त्यांनी वाक्याच्या शेवटी ‘आम्ही आता टेकऑफवर आहोत’ अशा आशयाचे संदिग्ध शब्द जोडले. मनोऱ्याने त्याचा अर्थ ‘उड्डाणस्थानी उभे आहोत’ असा घेऊन थांबण्यास सांगितले. त्याच क्षणी पॅन अॅमनेही ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ असे कळविले. दोन संदेश एकमेकांवर आदळून केएलएमच्या कॉकपिटमध्ये कर्कश शिट्टी ऐकू आली. त्यानंतरही फ्लाइट इंजिनिअर विलेम श्रूडर यांनी, ते विमान बाजूला झालेले नाही काय, अशी शंका काढली. कप्तानाने ठामपणे होकारार्थी उत्तर दिले. काही सेकंदांत दोन्ही विमानांची टक्कर झाली आणि ५८३ जण मृत्युमुखी पडले. पॅन अॅममधील ६१ जण वाचले, केएलएममधील कोणीही नाही.

या घटनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि बहुतेक लेखनात कप्तानाचा अहंकार हे सूत्र असते. हे सूत्र मला अपुरे वाटते. डच शासनाने थोड्याच काळापूर्वी वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नियम कडक केले होते. मर्यादा ओलांडल्यास कायद्याने शिक्षा होती आणि ती वाढविण्याचा कप्तानाचा पूर्वीचा स्वेच्छाधिकार गेला होता. टेनेरिफवर रात्र काढावी लागली असती तर शेकडो प्रवाशांची सोय कोठे करावयाची हा प्रश्न होता. थकवा टाळण्यासाठी केलेला नियम घाईचे कारण ठरला. नियमांच्या इतिहासात अशी उदाहरणे दुर्मीळ नाहीत. स्पॅनिश चौकशीने आणखी एक बारकावा नोंदविला आहे. सिम्युलेटरवर प्रशिक्षण देताना प्रशिक्षक स्वतःच मनोऱ्याची भूमिका करतो. परवानगी तोच देतो, किंवा ती गृहीतच धरली जाते. वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्या माणसाच्या मनात परवानगीची वाट पाहण्याची सवय क्षीण झाली असणे शक्य आहे. म्हणजे ज्या गुणाने त्यांना प्रमुख प्रशिक्षक केले, त्याच कामाने त्यांची एक सवय बिघडविली.

टेनेरिफनंतर ‘टेकऑफ’ हा शब्द केवळ प्रत्यक्ष परवानगी देताना वा ती रद्द करताना वापरावा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणावे, असा दंडक पडला. मराठीच्या प्राध्यापकांनी येथे थोडे थांबावे. आपल्याकडे ‘उड्डाण’ हा एकच शब्द जमीन सोडण्याच्या क्रियेला, प्रवासाला आणि वेळापत्रकातील फेरीलाही चालतो. ‘उड्डाण रद्द’, ‘उड्डाणाला विलंब’ आणि ‘विमानाने उड्डाण केले’ यांतील उड्डाणे तीन वेगळी आहेत. परिभाषा सिद्ध करताना शुद्धतेची काळजी आपण पुष्कळ घेतो. दोन अर्थ एका शब्दात मावणार नाहीत याची तितकी घेत नाही.

बोलणे आणि ऐकणे

टेनेरिफनंतर नऊच महिन्यांनी, १ जानेवारी १९७८ च्या रात्री, मुंबईहून दुबईकडे निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ उड्डाणानंतर दोनेक मिनिटांत वांद्र्यासमोर समुद्रात पडले आणि २१३ जण बुडाले. कप्तानासमोरील विमानाचा कल दाखविणारे उपकरण बिघडले होते. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश, क्षितिज नाही. कॉकपिटमधील दुसरी उपकरणे ठीक होती. पण जे ठीक आहे ते वेळेत, नेमक्या शब्दांत कप्तानापर्यंत पोहोचणे हाच तर खरा प्रश्न असतो.

२८ डिसेंबर १९७८ रोजी पोर्टलंड येथे युनायटेड कंपनीचे विमान चाकांच्या बिघाडावर विचार करीत घिरट्या घालता घालता इंधन संपून पडले. इंधन कमी होत असल्याचे सहकाऱ्यांना दिसत होते. सांगण्याचा सूर मात्र आर्जवी होता. या व अशा घटनांच्या पार्श्वभूमीवर १९७९ च्या जूनमध्ये नासाने सॅन फ्रान्सिस्को येथे कार्यशाळा घेतली आणि कॉकपिटमधील मनुष्यबळाचा योग्य उपयोग, म्हणजेच पुढे ‘सीआरएम’ या आद्याक्षरांनी ओळखली गेलेली विद्याशाखा, आकारास आली. १९८१ मध्ये युनायटेडने त्यावर आधारित प्रशिक्षण सुरू केले. कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत मांडावी व ज्येष्ठाने ती मागून घ्यावी, हा तिचा गाभा. प्रारंभी जुन्या कप्तानांनी ‘मोहिनीविद्येचा वर्ग’ म्हणून तिची टिंगल केली.

टिंगल करणाऱ्यांना उत्तर लवकरच मिळाले. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टन येथे हिमवर्षावात एअर फ्लोरिडाचे बोइंग ७३७ निघाले. पंखांवरील बर्फ काढल्याला ४९ मिनिटे झाली होती आणि इंजिनांची बर्फरोधक यंत्रणा बंद होती. त्यामुळे दाबमापक गोठून इंजिनांची शक्ती खरी असेल त्याहून जास्त दाखवीत होता. धाव सुरू होताच सहवैमानिकाला इतर काटे जुळत नसल्याचे दिसले. हे बरोबर वाटत नाही, असे तो एकाहून अधिक वेळा म्हणाला. कप्तानाने ते बरोबर आहे असे सांगितले. क्षणभर सहवैमानिकाने स्वतःचीच समजूत घातली, मग पुन्हा शंका घेतली. वेग अद्याप कमी होता, धावपट्टी शिल्लक होती, थांबणे सहज शक्य होते. ‘थांबा’ हा शब्द मात्र उच्चारला गेला नाही. विमान पोटोमॅक नदीवरील पुलावर आदळले. पुलावरील चौघांसह ७८ जण ठार झाले.

आपल्याकडील कॉकपिटमध्ये या अडचणीला आणखी एक पदर आहे. इंग्रजी बोलताना आपण ‘सर’ लावतो. पण विचार मात्र ‘अहो’ आणि ‘अरे’ अशा आदर-अनादराच्या पायऱ्यांवरून चालतो. वडीलधाऱ्याला ‘चुकताय’ म्हणण्याऐवजी ‘एकदा बघता का’ म्हणणे हा आपल्याकडे सुसंस्कृतपणा समजला जातो. २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेले आणि १५८ जण दगावले. सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याचे तीनदा सुचविले होते, असे चौकशीत निष्पन्न झाले. तेथे कप्तान परदेशी होता. तेव्हा दोष केवळ भारतीय विनयाचा आहे असेही म्हणता येत नाही. वॉशिंग्टनमधील दोघे तर एकाच देशाचे, वयानेही जवळपास सारखे होते.

औरंगाबाद १९९३

२६ एप्रिल १९९३ ची दुपार. दिल्ली–जयपूर–उदयपूर–औरंगाबाद–मुंबई या फेरीवरील इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ औरंगाबादहून (आताचे छत्रपती संभाजीनगर) ११८ जणांना घेऊन मुंबईकडे निघाले. मराठवाड्यातील एप्रिलची दुपार म्हणजे तापून विरळ झालेली हवा. अशा हवेत पंखांना आधार कमी मिळतो, इंजिनांची शक्ती घटते आणि धाव लांबते. विमानाने धावपट्टीच्या अगदी शेवटाशी जमीन सोडली. त्या टोकापलीकडून बीड रस्ता जातो. कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला एक ट्रक त्या क्षणी तेथून चालला होता. विमानाचे डावे चाक व डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकला लागला. जखमी विमान काही किलोमीटर पुढे गेले, विजेच्या तारांना अडकून कोसळले आणि ५५ जणांचा बळी गेला.

चौकशीत कारणे दोन सांगितली गेली. नाक उचलण्यास वैमानिकांनी केलेला उशीर व त्याची चुकीची पद्धत हे एक; विमानाच्या वेळेत बीड रस्त्यावरील वाहतूक रोखण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाला आलेले अपयश हे दुसरे. म्युनिकच्या तुलनेत ही मांडणी अधिक प्रौढ आहे, कारण तीत कॉकपिटसोबत रस्ताही येतो. मात्र लोकस्मृतीत ट्रक राहिला आणि वैमानिकाची चूक राहिली. प्राधिकरण विस्मरणात गेले. संस्थांना चेहरा नसतो, आणि दोष चेहऱ्याला चिकटतो. या घटनेवर मराठवाड्याच्या स्थानिक इतिहासलेखनात आजवर पुरेसे काम झालेले नाही, ही खंत येथे नोंदवितो. कापसाचा व्यापार, रस्त्यांचे जाळे, अजिंठा-वेरूळचे पर्यटन आणि नागरी विमानसेवा हे चार प्रवाह ज्या एका ठिकाणी गाठ पडले, ते ठिकाण एखाद्या एम.फिल. प्रबंधाला सहज पुरले असते.

व्यवसायात प्रवेश

या इतिहासाचा आजच्या उमेदवाराशी संबंध कोठे येतो? वैमानिक होण्यासाठी भारतात बारावीला भौतिकशास्त्र व गणित, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. उत्तर प्रदेशातील फुरसतगंज किंवा आपल्या गोंदियाजवळील बिरसी येथे शिकणारी मुले आता केवळ महानगरांतील राहिलेली नाहीत. मुलींचे प्रमाणही लक्षणीय आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास परवाना मिळविलेल्या प्रेम माथूर यांना अनेक कंपन्यांनी नाकारल्यावर हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने सहवैमानिक म्हणून घेतले. १९८५ मध्ये सौदामिनी देशमुख यांच्या कप्तानपदाखाली संपूर्ण महिला चमूने फोकर फ्रेंडशिप विमान कलकत्ता–सिलचर मार्गावर नेले. आज देशातील वैमानिकांत स्त्रिया सुमारे १५ टक्के असून जागतिक सरासरी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आहे.

पण परवाना आणि विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण यांचा खर्च लाखांत, पुष्कळदा कोटीच्या घरात जातो. शेतजमीन वा घर तारण ठेवून शिकलेला मुलगा जेव्हा उजव्या आसनावर बसतो, तेव्हा त्याच्यापुढे कर्जाचे हप्ते असतात आणि डावीकडे त्याच्या कप्तानपदाच्या बढतीवर अभिप्राय लिहिणारा ज्येष्ठ. या व्यवसायात सेवाज्येष्ठता जवळजवळ सर्व काही ठरविते आणि नोकरी बदलली की बहुधा ती शून्यापासून मोजली जाते. अशा माणसाला प्रशिक्षणवर्गात ‘निर्भयपणे बोला’ असे सांगितले जाते. वर्गातील उपदेश आणि वेतनाची रचना यांतील हा विसंवाद सीआरएमच्या साहित्यात अभावानेच येतो. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांच्या आधारे परवाने मिळविल्याची प्रकरणे देशात उघडकीस आली, तेव्हा चर्चा व्यक्तींच्या अप्रामाणिकपणाची झाली; प्रवेशाच्या किमतीची झाली नाही.

अलीकडच्या अनेक विमानांत ‘व्ही-वन’ ही हाक यंत्रच देते. तरी ‘थांबा’ हा निर्णय माणसाकडेच आहे, आणि तो कोणाकडे आहे याबाबत कंपन्यांचे नियम सारखे नाहीत. काही कंपन्यांत बिघाड दिसल्यास सहवैमानिकाने तो केवळ मोठ्याने सांगावयाचा असतो आणि उड्डाण सोडण्याची आज्ञा फक्त कप्तान देतो. काही कंपन्यांत ठरावीक प्रसंगी सहवैमानिकालाही तो अधिकार आहे. नोकरीच्या मुलाखतीला जाणारे विद्यार्थी वेतन, मुक्कामाचे शहर आणि बढतीस लागणारी वर्षे यांची चौकशी करतात. या नियमाची चौकशी करणारा उमेदवार प्रस्तुत लेखकाला अद्याप भेटलेला नाही.